बहीण हिरवी निघाली, म्हणून मिनिट्स तिच्या गळ्यात

‘टीमच्या मीटिंग सुधारायच्यात? आधी माणसांचे रंग ओळखा’ अशी एक पोस्ट बरेच दिवस फिरते आहे. लाल म्हणजे झटपट निर्णय घेणारा, पिवळा म्हणजे बोलका, हिरवा शांत आणि जुळवून घेणारा, निळा आकड्यांत आणि तपशिलांत रमणारा. त्याखाली कोणाशी मीटिंगमध्ये कसं वागायचं याच्या सूचना. माझ्याकडे ती दोनदा आली, दोन्ही वेळा मी अर्ध्यातच सोडून दिली. मग ती धाकट्या बहिणीच्या मॅनेजरपर्यंत पोचली. सोमवारी टीमकडून प्रश्नावली भरून घेतली, मंगळवारी प्रत्येकाच्या नावापुढे रंगीत ठिपका आला, आणि बुधवारी हिचा फोन: “ताई, मी हिरवी निघाले. आता दर मीटिंगचे मिनिट्स मीच घ्यायचे.” म्हणजे कोण काय बोललं, काय ठरलं, ते लिहून ठेवायचं काम.

म्हणून या वेळी पोस्ट शेवटपर्यंत वाचली.

“हे जुनं आणि सिद्ध झालेलं शास्त्र आहे.” जुनं आहे खरं. चार गटांची मूळ मांडणी विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1928 मध्ये केली. (रक्तदाबावरून खोटं पकडण्याची चाचणीही याच गृहस्थांची, आणि ‘वंडर वुमन’ ही कॉमिक्समधली नायिकाही. ती चाचणी पुरावा म्हणून घ्यायला अमेरिकेतल्या न्यायालयाने 1923 मध्ये नकार दिला होता.) पण मार्स्टनने प्रश्नावली काही बनवली नाही, ती पुढच्या लोकांनी केली. आणि आज ज्या गटाला गोड बोलून ‘स्थिर स्वभावाचे’ म्हणतात, हिरवा ठिपका देतात, त्याला मार्स्टनने दिलेलं नाव होतं ‘सबमिशन’. म्हणजे नमतं घेणं. नाव बदललं, अपेक्षा तीच राहिली, हे मिनिट्सच्या वहीवरून दिसतंच आहे.

“चाचणी तंतोतंत जुळते, स्वतः करून बघा.” राशीभविष्यही जुळतं. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचं’ वर्णन दिलं. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

“रंग बदलत नाही.” हीच बहीण आधीच्या टीममध्ये दर आठवड्याची मीटिंग चालवायची. आता गप्प असते, कारण समोरचे दोघं वाक्य पुरं करू देत नाहीत. याला स्वभाव म्हणायचं का? बोलकेपणा हा माणसामाणसांत कमीजास्त असणारा गुण आहे, बहुतेक लोक मधेच कुठेतरी असतात. चार डबे आपण केलेले.

“हिरव्यांना सगळ्यांसमोर मत विचारू नका, ते अवघडतात. त्यांना मिनिट्सचं काम द्या. लालला आधी बोलू द्या, म्हणजे वेळ वाचतो.” खरा संताप इथे आहे. बाकीचं हसून सोडता येईल, याने काम बिघडतं.

1985 मध्ये गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट केले आणि विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. सगळी माहिती सगळ्यांना दिली, तेव्हा 83 टक्के गटांनी सर्वांत चांगला उमेदवार निवडला. मग त्याच माहितीची वाटणी केली. त्या उमेदवाराचे काही गुण एकाला माहीत, काही दुसऱ्याला, त्याच्या उण्या बाजू मात्र सगळ्यांना माहीत. चौघांच्या मिळून माहितीत काहीही कमी नव्हतं, फक्त बोलून ती एकत्र करायची होती. तरी योग्य उमेदवार निवडणारे गट चौथाईपेक्षाही कमी भरले. जे सगळ्यांना आधीच माहीत असतं त्यावरच चर्चा होत राहते, आणि एकट्याकडे असलेली गोष्ट त्याच्याकडेच राहून जाते.

आता बहिणीची मीटिंग बघा. ती टेस्टिंग बघते. रिलीजच्या तारखेचा विषय निघाला. पोस्टनुसार लाल ठिपकेवाल्याने आधी तोंड उघडलं: “पंधरा तारीख जमेल.” पिवळ्याने मान डोलावली. ज्या डेटावर शेवटची टेस्ट चालवायची तो अजून आलेलाच नाही, हे त्या खोलीत एकटीला माहीत होतं, आणि ती मान खाली घालून लिहीत होती. तिने मान वर केली तोवर पुढचा मुद्दा सुरू झालेला. तिच्याच वहीत तिच्याच अक्षरात ‘15 तारीख नक्की’. तारीख पुढे गेली तेव्हा मॅनेजर म्हणाले, “मग तेव्हाच बोलायचं ना!”

तेव्हाच विचारायचं ना. पण विचारायचं नाही असा नियम ठरवूनच मीटिंगला बसले होते. अवघडणाऱ्याला न विचारणं ही काळजी नव्हे. विषय निघण्याआधी सगळ्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या, मॅनेजरने आपलं मत शेवटी सांगायचं, एवढं केलं तरी फरक पडतो. त्याला ठिपके लागत नाहीत.

“निळ्यांना नव्या कल्पनांच्या मीटिंगला बोलावू नका, ते खोडा घालतात.” म्हणजे खर्च किती येईल हे विचारणारा माणूस बाहेर बसवायचा. शाब्बास.

“विचार करून बोलणाऱ्यांना अजेंडा दोन दिवस आधी पाठवा.” हे बरोबर आहे, मान्य करते. कोणी लगेच बोलतं, कोणाला विषय रात्रभर डोक्यात घोळवावा लागतो. ठिपके आल्यावर टीममध्ये एकमेकांच्या कामाच्या पद्धतीबद्दल पहिल्यांदाच गप्पा झाल्या, असंही बहीण म्हणाली. ते खोटं कशाला म्हणू? पण अजेंडा आधी मिळाला तर तो लालच्याही उपयोगाचाच आहे. सगळ्यांना पाठवा.

काल रात्री तिने टीमच्या ग्रुपवर लिहिलं: “मिनिट्स आळीपाळीने घेऊ या. या सोमवारी कोण?” सकाळपर्यंत चार अंगठे आले होते. नाव एकाचंही नाही.