पासवर्ड फाईल बिघडणं आणि पासवर्ड विसरणं: उपाय एक नाही

लिनक्सवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘पासवर्ड फाईल करप्ट झाली? लगेच रीबूट करा, बूट मेनूत सिंगल लिहा, नवा पासवर्ड टाका. नाही जमलं तर दुसऱ्या मशीनची फाईल कॉपी करून शॅडोला 777 द्या. तरीही अडलं तर फॉरमॅट.’ यातला सुरुवातीचा भाग विसरलेल्या पासवर्डचा इलाज आहे. फाईलच बिघडली असेल तर तो अपुरा पडतो, आणि पुढचे दोन सल्ले नुकसान वाढवतात. लिनक्सवर खात्यांची यादी पासडब्ल्यूडी फाईलमध्ये असते, तर त्यांच्या पासवर्डचे हॅश (संकेतरूपं) शॅडो फाईलमध्ये; 777 म्हणजे ती फाईल वाचायची-लिहायची सगळ्यांना मुभा. (खालच्या आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

‘लगेच रीबूट करा.’ आधी कुठे रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा प्रॉम्प्ट, उघडा आहे का ते बघा. असेल तर तो अजिबात बंद करू नका. चालू प्रोसेसचा यूआयडी (खात्याचा क्रमांक; रूटचा शून्य) कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे असतो, फाईलमधून तो दर वेळी वाचला जात नाही. त्यामुळे प्रॉम्प्टवर ‘आय हॅव नो नेम’ दिसलं तरी शून्य यूआयडीचे अधिकार शाबूत असतात. नवीन सुडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणारं साधन) मात्र चालणार नाही, कारण तो तुमचं नाव पासडब्ल्यूडी फाईलमध्येच शोधतो.

‘सिंगल लिहा.’ सिस्टमडीवर (बऱ्याच वितरणांत बूट सांभाळणारी प्रणाली) हा मोड सुलॉगिन नावाचा प्रोग्राम चालवतो, आणि तो रूटचाच पासवर्ड विचारतो. रूट खातं लॉक असेल तर बऱ्याच वितरणांत तिथेच अडकायला होतं. त्यापेक्षा ग्रबमध्ये (बूट मेनूत) ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतलं ‘आरओ’ बदलून ‘आरडब्ल्यू’ करा, शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. लॉगिनचा टप्पाच टळतो.

‘नवा पासवर्ड टाका.’ खरी गोम इथे आहे. पासडब्ल्यूडी ही आज्ञा आधी रूटची ओळ शोधते. ओळच नसेल तर बदलणार काय? ती अशी हवी: ‘रूट:एक्स:0:0:रूट:/रूट:/बिन/बॅश’. रकाने सात, कोलन सहा. शॅडोत रकाने नऊ. ओळ ठीक असूनही ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ आली, तर डिस्क बहुधा रीड-ओन्ली आहे: ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’. फाईल शून्य बाइटची झाली असेल तर आधी ‘डीएफ -एच’ने जागा तपासा. डिस्क भरलेली असेल तर दुरुस्त केलेली फाईलही अर्धवटच लिहिली जाईल.

मग ‘/ईटीसी’मध्ये नावाच्या शेवटी हायफन असलेल्या पासडब्ल्यूडी आणि शॅडोच्या प्रती शोधा. यूजरअॅडसारखी साधनं बदल करण्याआधीची प्रत तिथे ठेवतात. म्हणजे ती एक बदल मागे असते. शेवटी जोडलेलं खातं तिच्यात नसेल, म्हणून आंधळेपणाने कॉपी करू नका. दुरुस्तीनंतर तपासणीसाठी ‘पीडब्ल्यूसीके -आर’ चालवा. ‘-आर’ विसरलात तर ते ओळ उडवू का असं विचारतं, आणि घाईत ‘वाय’ दाबला जातो. विंडोजच्या एडिटरमधून आलेल्या फाईलचं दुखणं वेगळंच: ओळ दिसायला अगदी बरोबर, पण शेलच्या नावाला अदृश्य कॅरेज रिटर्न (विंडोजचं ओळ संपल्याचं जादा चिन्ह) चिकटलेला, म्हणून लॉगिन होत नाही. ‘कॅट -ए’ने (ए कॅपिटल) ओळीअखेर ‘^एम’ दिसतो.

एसईलिनक्स ही फाईलींच्या लेबलांवर चालणारी सुरक्षा यंत्रणा चालू असेल (फेडोरा, रेड हॅट) तर ‘टच /.ऑटोरीलेबल’ केल्याशिवाय उठू नका. नाहीतर नव्या शॅडो फाईलचं लेबल चुकतं आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. शेवटी ‘सिंक’ आणि ‘एक्झेक /एसबिन/इनिट’. पुढच्या बूटला वेळ लागेल. मध्येच वीज तोडू नका.

‘दुसऱ्या मशीनची फाईल.’ डिस्कवर मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. तिथला 1001 आणि इथला 1001 वेगवेगळी माणसं असू शकतात. सेवांच्या बऱ्याच खात्यांचे आकडे तर इन्स्टॉलच्या क्रमाने ठरतात. डेटाबेसच्या फाईली भलत्याच सेवेच्या नावावर गेलेल्या दिसतील. प्रत उरलीच नसेल तर ‘एलएस -एन /होम’मधले आकडे वाचून ओळी हाताने लिहा.

‘777.’ डेबियनवर शॅडो 640 असते, फेडोरावर चक्क 000, आणि रूटला तरीही वाचता येते. 777 दिल्याने काहीच दुरुस्त होत नाही. फक्त कुणीही रूटचा हॅश बदलू शकतो.

‘फॉरमॅट.’ ग्रबलाच पासवर्ड असेल तर लाइव्ह यूएसबीवरून डिस्क माउंट करून हीच दुरुस्ती होते. डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केली असेल तरी पासफ्रेज माहीत असला की पुरे, कारण त्याचा रूटच्या पासवर्डशी काही संबंध नाही.