नऊ नंबरवाला गद्दार नव्हता

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रविवारी आईचा सांगलीहून फोन आला. गुडघेदुखी, शेजारच्यांचं लग्न, सगळं बोलून झालं आणि मग तिने एकदम विचारलं, "तुझा तो नऊ नंबरवाला गद्दार होता का रे?"

कुणाबद्दल बोलतेय ते कळायला मला जरा वेळ लागला. २०१३ च्या थँक्सगिव्हिंगला आई आमच्याकडे, डेट्रॉईटजवळच्या नोव्हायला आली होती. त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या डेट्रॉईट लायन्सनी ग्रीन बेला ४०-१० असं लोळवलं. खेळ तिला ओ की ठो कळला नव्हता, पण नऊ नंबरचा जर्सीवाला मुलगा तिने लक्षात ठेवला. मॅथ्यू स्टॅफर्ड, तेव्हाचा लायन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा आणि बॉल फेकणारा खेळाडू. २०२१ मध्ये तो डेट्रॉईटहून लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. २०२५ च्या त्या फेब्रुवारीत तो सदतीस वर्षांचा होता, आणि रॅम्सनी त्याच्या एजंटला दुसऱ्या टीमशी बोलायची परवानगी दिल्यापासून जिकडेतिकडे एकच चर्चा होती: त्याला ट्रेड करावं, म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्या टीमला द्यावं, की नाही? न्यूयॉर्क जायंट्स आणि लास व्हेगस रेडर्स यांची नावं घेतली जात होती. लॉस एंजेलिसला शिकायला गेलेला माझा भाचा पक्का रॅम्सवाला. त्याने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मराठी मेसेज टाकला, "मामा, हे खरंय का?" असं विचारत. तोच मेसेज आईने वाचला.

मेसेजचं शीर्षक आहे "स्टॅफर्डला आत्ताच विका". त्यात पाच मुद्दे आहेत. एक, सदतिसाव्या वर्षी क्वार्टरबॅक संपलेला असतो. दोन, त्याला विकलं की आयपीएलसारखे त्याचे पाच कोटी डॉलर मोकळे होतील. तीन, टॉम ब्रेडी आणि पेटन मॅनिंग या नावाजलेल्या क्वार्टरबॅकांच्या ट्रेडने सगळ्यांचं भलं झालं. चार, डेट्रॉईटला मिळाल्या तशा पहिल्या फेरीच्या दोन पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडायची पाळी) रॅम्सनाही मिळतील. पाच, तसाही तो गद्दार आहे, डेट्रॉईटला वाऱ्यावर सोडून अंगठीसाठी, म्हणजे अजिंक्यपदासाठी पळाला.

पाचवा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं. त्याच्याकडे येतोच. पण आधी दुसरा, कारण भाच्याला खरा तोच पटला होता आणि तो साफ चुकीचा आहे.

आयपीएलमध्ये खेळाडू सोडला किंवा ट्रेड केला की त्याची रक्कम पर्समध्ये परत येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला गेला तेव्हा त्याचे १५ कोटी रुपये गुजरातच्या पर्समध्ये मोकळे झाले. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, असं होत नाही. इथे मोठ्या खेळाडूला बोनस आधीच हातात मिळतो, पण सॅलरी कॅपच्या (टीमला वर्षाला पगारावर किती खर्च करता येतो त्या मर्यादेच्या) हिशेबात तो पुढच्या चार-पाच वर्षांवर वाटून दाखवतात. मधेच खेळाडूला दुसरीकडे पाठवलं तर उरलेले सगळे हप्ते एकदम जुन्या टीमच्या खात्यावर चढतात. याला डेड मनी म्हणतात. गाडी विकली म्हणून बँक कर्ज माफ करत नाही, तसंच हे.

स्टॅफर्डचा हिशेब ओव्हर द कॅप या साइटवर कुणालाही पाहता येतो. २०२५ साठी रॅम्सच्या कॅपवर त्याचा आकडा तेव्हा जवळपास ५ कोटी डॉलर होता. तेव्हा ट्रेड केला असता तर त्यातले सुमारे साडेचार कोटी डेड मनी म्हणून रॅम्सच्याच माथी राहिले असते. वाचले असते ते चाळीस-पन्नास लाख. एका टीमची पूर्ण कॅप त्या वर्षी २८ कोटींच्या आसपास होती. म्हणजे कॅपचा सहावा हिस्सा अशा माणसावर गेला असता जो दुसऱ्याच टीमसाठी बॉल फेकतोय, आणि वर नवा क्वार्टरबॅक आणायचा तो वेगळाच. मालकाच्या खिशातून जाणारी त्या वर्षाची रोख रक्कम वाचली असती, हे मान्य. पण मेसेज लिहिणारा कॅपबद्दल बोलतोय आणि तिथे त्याने वाचणारा आकडा दहापट फुगवून सांगितलाय.

तिसरा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. ब्रेडी आणि मॅनिंग यांचा ट्रेड झालाच नव्हता. मॅनिंगला इंडियानापोलिसने २०१२ मध्ये करारातून मोकळं केलं, ब्रेडीचा न्यू इंग्लंडशी करार २०२० मध्ये संपला, आणि दोघे आपापल्या मर्जीने नव्या टीमकडे गेले, त्यामुळे डेन्व्हरला किंवा टॅम्पा बेला त्यांच्या बदल्यात एकही पिक द्यावी लागली नाही. खऱ्या ट्रेडची उदाहरणं हवीत तर सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन घ्या. २०२२ मध्ये डेन्व्हरने त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन पिक, दुसऱ्या फेरीच्या दोन, पाचव्या फेरीची एक आणि तीन खेळाडू दिले. दोन वर्षांत त्याला सोडूनही दिलं आणि साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी अंगावर घेतला.

वयाच्या मुद्द्यात तथ्य आहे. नाइलाजाने का होईना, मानावं लागतं. ग्रीन बेचा एकोणचाळिशीतला क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि पहिल्या सामन्यात चौथ्याच प्लेला (चालीला) त्याच्या टाचेमागची शीर तुटली. २०२४ च्या मोसमात तो परत आला, पण जेट्स ५-१२ (पाच विजय, बारा पराभव) राहिले आणि २०२५ मध्ये त्यांनीही त्याला सोडलं. स्टॅफर्डचं शरीरही काही लोखंडाचं नाही. २०२२ मध्ये डोक्याच्या आणि मणक्याच्या दुखापतींमुळे तो नऊच सामने खेळला. पुढच्या वर्षी काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

पण "संपलेला"? २०२४ च्या मोसमात रॅम्सची सुरुवात १-४ अशी झाली होती. शेवट झाला १०-७ वर. स्टॅफर्डचे २० टचडाऊन पास, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले बॉल (इंटरसेप्शन) फक्त ८. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे प्लेऑफचा घरचा सामना अॅरिझोनात हलवावा लागला, तिथे त्यांनी मिनेसोटाला २७-९ ने हरवलं. पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियाच्या बर्फात ते २८-२२ ने हरले आणि शेवटच्या मिनिटाला स्टॅफर्डने टीमला फिलाडेल्फियाच्या तेरा यार्डांच्या रेषेपर्यंत नेलं होतं. तीच फिलाडेल्फिया तीन आठवड्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकली. संपलेल्या माणसाला हे जमत नाही.

आता गद्दार. इथे मी शांतपणे लिहू शकत नाही आणि तसा प्रयत्नही करणार नाही.

मी डेट्रॉईटला आलो २००७ मध्ये, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कामासाठी. पुढच्या वर्षी लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. तोवर लीगच्या इतिहासात सोळापैकी सोळा कुणीच हरलं नव्हतं. त्या नीचांकामुळे एप्रिल २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर लायन्सचा लागला आणि जॉर्जिया विद्यापीठातला एकवीस वर्षांचा स्टॅफर्ड आला. त्याच एप्रिलच्या अखेरीस क्रायस्लरने दिवाळखोरी जाहीर केली, १ जूनला जनरल मोटर्सने. आमच्या गल्लीत दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात घर विक्रीची पाटी लागायची. ऑफिसात माझ्या शेजारची दोन टेबलं रिकामी झाली. त्या वर्षी या शहरात कुणी आपण होऊन यायला तयार नव्हतं.

२२ नोव्हेंबर २००९. समोर क्लीव्हलँड, लायन्स ३१-३७ असे मागे. घड्याळातली वेळ संपत असताना स्टॅफर्ड पळत पळत बॉल फेकतो, अंगावर माणूस आदळतो आणि डावा खांदा निखळतो. क्लीव्हलँडचा फाउल होतो, म्हणून घड्याळ संपलेलं असूनही एक प्ले उरते. त्याला बाहेर नेतात, डॉक्टर तपासतायत, दुसरा क्वार्टरबॅक आत जातोय. तेवढ्यात क्लीव्हलँड टाइमआउट घेतं. त्या टाइमआउटमुळे आत परतायला मुभा मिळते, आणि हा पोरगा डॉक्टरांच्या हातातून सुटून मैदानात धावतो. एका हाताने सगळं सांभाळत टीममधल्या पेटिग्रूला टचडाऊन देतो. ३८-३७. त्या मोसमात लायन्स फक्त दोन सामने जिंकले, त्यातला हा एक. प्लेऑफ नव्हतं, अंगठी नव्हती, काहीच मिळणार नव्हतं. माझ्यासोबत मॅच बघणारा शेजारी, ज्याची नोकरी दोनच महिन्यांपूर्वी गेली होती, त्या दिवशी रडला. मी त्याला तसं पाहिलं ते तेवढंच एकदा.

असा माणूस बारा मोसम या शहरात राहिला. २०११ मध्ये त्याने ५,०३८ यार्ड फेकले. सलग १३६ सामने तो सुरुवातीपासून मैदानात होता. ही साखळी तुटली ती २०१९ मध्ये, पाठीतली हाडं मोडली तेव्हा. या काळात तीन मुख्य प्रशिक्षक झाले. तीनदा प्लेऑफ गाठलं, तिन्ही वेळा परक्या मैदानावर, तिन्ही वेळा हार. नोव्हेंबर २०२० मध्ये मालकांनी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर दोघांनाही काढलं. म्हणजे पुन्हा शून्यातून उभारणी आणि त्यात आणखी चार-पाच वर्षं जाणार. तेव्हा बत्तीस वर्षांच्या स्टॅफर्डने समोरासमोर बसून सांगितलं, मला जाऊ द्या. टीमनेही मान्य केलं. तो रुसून घरी बसला नाही, सरावाला दांडी मारली नाही, टीमबद्दल वाईट शब्द बोलला नाही. याला पळून जाणं म्हणायचं?

आणि जाताना त्याने काय मागे ठेवलं ते बघा. रॅम्सनी लायन्सना आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ दिला, २०२१ ची तिसऱ्या फेरीची पिक दिली, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीच्या पिक दिल्या. २०२३ ची पिक सहाव्या नंबरची निघाली, कारण स्टॅफर्ड जायबंदी झाला आणि रॅम्स ५-१२ वर घसरले. लायन्सनी त्या पिकची अदलाबदल केली आणि त्या व्यवहारातून जमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा असे दोघे मिळवले. ज्या गॉफला लोक ओझं म्हणत होते, त्याच्यासोबत लायन्सनी १४ जानेवारी २०२४ ला आपल्याच फोर्ड फील्ड मैदानावर रॅम्सना २४-२३ ने हरवलं. प्लेऑफमधला बत्तीस वर्षांतला पहिला विजय, आणि समोर होता स्टॅफर्डच. त्या रात्री आमच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली ते मला आवडलं नाही, पण बत्तीस वर्षांची घुसमट होती ती, मी समजू शकतो. याच शहराने दोन वर्षांपूर्वी, तो सिनसिनाटीविरुद्ध सुपर बोल खेळत होता तेव्हा, "डेट्रॉईट रॅम्स" लिहिलेले टी-शर्ट घातले होते. रॅम्स २३-२० ने जिंकले तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. आपल्याला ज्याने दगा दिला त्याच्या विजयाचे फटाके कुणी वाजवत नाही. गद्दार हा शब्द ज्याने लिहिला त्याने ते बारा मोसम पाहिलेले नाहीत.

उरला चौथा मुद्दा, दोन पिकचा. २०२१ मध्ये स्टॅफर्ड तेहतिशीच्या उंबरठ्यावर होता, २०२५ मध्ये सदतीस. तेव्हाच्या किमतीत गॉफचा महागडा करार लायन्सनी अंगावर घेण्याचा मोबदलाही होता. रॉजर्स गेला तेव्हा ग्रीन बेला दुसऱ्या फेरीची एक पिक, पहिल्या फेरीत दोन जागांची बढती, आणि तो ६५ टक्के प्ले खेळला तरच पहिल्या फेरीची होणारी आणखी एक पिक मिळाली. तो चारच प्ले खेळला, ती पिक दुसऱ्या फेरीचीच राहिली. त्याआधी २००८ मध्ये आपला जुना क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह याच्या बदल्यात ग्रीन बेला अखेर तिसऱ्या फेरीची पिक मिळाली होती. या वयाच्या क्वार्टरबॅकचा बाजारभाव हा असा आहे.

ग्रीन बेचं मात्र दोन्ही वेळा निभावलं, कारण फार्व्ह गेला तेव्हा रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसून तयार झाला होता, आणि रॉजर्स गेला तेव्हा जॉर्डन लव्ह. लायन्सचं निभावलं, कारण गॉफ त्याच व्यवहारात आला. रॅम्सकडे त्या फेब्रुवारीत स्टॅफर्डच्या मागे कोण होतं? तेहतीस वर्षांचा जिमी गरोपोलो, ज्याचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता, आणि तोवर लीगमध्ये एकही प्ले न खेळलेला स्टेट्सन बेनेट. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये रॅम्सची पहिली पिक तेव्हा सव्विसावी होती. तिथपर्यंत चांगला क्वार्टरबॅक क्वचितच उरतो.

भाच्याला मी हेच विचारलं, सप्टेंबरमध्ये बॉल कुणाच्या हातात देणार? त्याने मेसेज दोनदा वाचला म्हणे. पाच मुद्द्यांत एकही नाव नाही. आईला मी क्लीव्हलँडच्या सामन्याची ती क्लिप पाठवली आहे.