अर्ध्या तासाचा हिशेब

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मधूनच लागायचा. दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या ब्रशमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या रिंगवर टेकणाऱ्या कार्बनच्या तुकड्यात निघाला, तो शोध मी इथे तीन भागांत लिहिला. तिसऱ्या भागावर मडगावच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, म्हणून मी त्यांना मडगावकरच म्हणतो. प्रतिक्रिया अशी: "काका, बॅटरीच्या एका लाल दिव्यावर तीन-तीन भाग? चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेला असतात तर अर्ध्या तासात झालं असतं. ब्रश आणि अर्थिंगची पट्टी तुम्ही एकाच दिवशी बदललीत, मग दोष ब्रशचाच होता हे कशावरून? सिगरेट लायटरच्या सॉकेटमधल्या मीटरवर एवढा भरवसा ठेवू नये. आणि 1.42 व्होल्टवर कुठली गाडी चालते तेही कळू द्या." पुढे एक हसणारा चेहरा.

आधी माझी चूक. 1.42 नव्हे, 14.2. दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकलं होतं, आज सकाळी दुरुस्त केलं. देव बरें करूं. चूक दाखवणाऱ्याचा मला राग येत नाही, खाणीवरच्या माझ्या हाताखालच्या पोरांना विचारा. हसऱ्या चेहऱ्याची गरज होती का, एवढंच विचारतो.

'काका'चं म्हणाल तर आमच्या वाड्यावरची सगळी पोरं मला काकाच म्हणतात. पण ती मला बॉनेट उघडायला शिकवत नाहीत.

आता ते अर्ध्या तासाचं वाक्य. परवा रात्री वाचलं, काल सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचलं, आणि दोन्ही वेळा सारखंच झोंबलं. दिवा कायमचा पेटलेला असता तर अर्धा तास पुष्कळ झाला असता. बॅटरीवर मीटर लावायचा. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू केल्यावर चौदाच्या आसपास. चालू करूनही काटा साडेबारावरच बसून राहिला तर डायनॅमो काही देत नाही, विषय संपला. (अल्टरनेटर म्हणायला हवं, माहीत आहे. अख्खा गोवा डायनॅमो म्हणतो, मीही म्हणणार.) पण माझा दिवा तसा नव्हता, आणि हे पहिल्या भागाच्या पहिल्या ओळीत लिहिलं आहे. ती ओळ तरी वाचायची होती.

8 जून ते 30 जून, 23 दिवस मी डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवली होती. तेवढ्या दिवसांत दिवा नऊ वेळा लागला. सर्वांत जास्त वेळ चाळीस सेकंद, शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला निघालो होतो तेव्हा, अस्नोड्याच्या पुढे. बाकीच्या वेळा पाच-दहा सेकंदच. गाडी त्या काळात सगळी मिळून 27 तास चालली. म्हणजे सरासरी तीन तासांतून एकदा. तुमच्या अर्ध्या तासात तो दिसण्याची शक्यता सहात एक, तीही गाडी रस्त्यावर असेल तर. उभ्या गाडीत तो एकदाही लागला नाही. आणि गॅरेजमध्ये गाडी उभीच असते, बाब.

अर्ध्या तासाच्या माणसाकडेही मी गेलो होतो. कुठल्या गावात ते सांगत नाही. त्याने गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायला पाना लावला. "काढल्यावर गाडी बंद पडली तर डायनॅमो गेला." मी त्याचा हात धरला. जुन्या गाड्यांवर ही युक्ती पिढ्यानपिढ्या चालली, कारण त्यांत जळण्यासारखं फारसं काही नव्हतं. आजच्या गाडीत बॅटरी विजेचे झटके पोटात घेते. चार्जिंग चालू असताना ती मधूनच काढली की क्षणभर व्होल्टेज एकदम वर उसळतं आणि इंजिनाचा संगणक जळू शकतो. हे त्याला समजावलं तर म्हणाला, "काका, आम्ही रोज करतो." तुमच्या प्रतिक्रियेत मला त्याचाच आवाज ऐकू आला, खोटं कशाला बोलू. मग त्याने दोन वर्षांची, सकाळी 12.6 दाखवणारी बॅटरी बदलायला सांगितली. मी बदलली. होय, बदलली. ती गोष्ट पहिल्या भागात आहे, पुन्हा उगाळत नाही.

आता नाइलाजाने स्वतःबद्दल बोलतो. 1993 पासून 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडेपर्यंत मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर वर्कशॉपमध्ये होतो, टिपरांच्या वायरिंगवर. लाल धूळ कुठे कुठे शिरते हे मडगावला बसून कळायचं नाही. ती डायनॅमोत शिरते, ब्रशच्या खाचेत बसते, ब्रश तिथेच अडकतो आणि रिंगला टेकेनासा होतो. टिपर वर्कशॉपमध्ये आणला की उत्तम चार्जिंग. माल भरून उतारावर हादरे बसायला लागले की दिवा. ड्रायव्हर शपथेवर सांगायचा, सुपरवायझर त्यालाच खोटं पाडायचा. अशा वेळी मी मीटर घेऊन केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसायचो. रात्रपाळीत, पावसात, दोन-दोन खेपा. एकोणीस वर्षांत 'अर्ध्या तासात करतो' असं मी कुणाला सांगितलं नाही, आणि जे सांगत त्यांची गाडी आठवड्याने परत माझ्याकडे यायची. टिपर 24 व्होल्टचे आणि मोटार 12 ची, तेव्हा तो अनुभव इथे लागू नाही, असंही कुणी म्हणेल. कार्बनला व्होल्ट कळत नाहीत.

तेच या गाडीत केलं. सॉकेटमध्ये छोटा मीटर लावला, मुलाला शेजारी बसवलं आणि डिचोली, मये, नार्वे, फेरीबोट, दिवाडी असे फिरलो. फेरीवर इंजिन बंद, उतरल्यावर चालू, पुढे खड्डे. दिवाडीच्या रस्त्यावर मुलगा ओरडला, "बाबा, बारा!" 14.1 वरून 12.2, आणि त्याच क्षणी दिवा. एका खड्ड्यात लागला, दोन खड्ड्यांनी विझला. त्या दिवशी कळलं की दिवा खोटं बोलत नाही, चार्जिंग खरोखरच तुटतंय. डायनॅमो उतरवला तर एक ब्रश झिजून होल्डरच्या कडेला आलेला आणि रिंगला चर पडलेला. ब्रशला मागून स्प्रिंग दाबते. ब्रश जेवढा झिजतो तेवढी स्प्रिंग सैल पडते. सपाट रस्त्यावर तो टेकलेला राहतो, दणका बसला की उचलला जातो. मग आतल्या फिरत्या गुंडाळीला करंट नाही, करंट नाही म्हणून चुंबक नाही, चुंबक नाही म्हणून वीज नाही. पुढच्या दणक्याला तो परत टेकतो. नऊच्या नऊ वेळा खड्डा, गतिरोधक किंवा पुलाचा जोड. हे वहीत आहे. वही अजून माझ्याकडे आहे, कुणालाही दाखवतो. तेव्हा तीन भाग का, याचं उत्तर एवढंच की दिवाडीपर्यंत पोचायलाच दोन भाग लागले.

राहिलेले मुद्दे किरकोळ आहेत. सॉकेटमधला मीटर दोन-तीन दशांश कमी दाखवतो. दाखवेना का. माझी घसरण दोन व्होल्टची होती.

पट्टीचं: इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली हिरवी पडली होती. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या मुलखात ती पडतेच. डायनॅमो उतरवलेला होता, हात तिथपर्यंत पोचत होता, बदलून टाकली. सडलेली वस्तू डोळ्यांसमोर असताना तुमच्या समाधानासाठी तशीच ठेवायची होती का? ती आधी मोजायला हवी होती म्हणाल. गाडी चालू, हेडलाइट लावलेले, मीटरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला, आकडा 0.2 च्या आत. ही चाचणी मला पाठ आहे. करायचं डोक्यात आलं तेव्हा जुनी पट्टी निघून हातात होती. पण खराब अर्थिंगमध्ये दिवा बहुधा मिणमिणतो किंवा लागतच नाही, माझा ठणठणीत पेटायचा. माझ्या मते हे पुरे आहे, तुमच्या मते नसेल.

इतकं वाटत असेल तर डिचोलीला या. मीटर तुमचा, गाडी माझी, चहा आमच्याकडचा. अर्धा तास घड्याळ लावून मोजू.

जुनी पट्टी मी टाकलेली नाही, मागच्या पडवीत खिळ्याला अडकवली आहे. ती परत बसवून दोन दिवस फिरून बघा, असं तुमचं म्हणणं असणार. बघू, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन जाऊ दे. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचं सामान आणायचं आहे, बायकोच्या माहेरी पेडण्याला दोन खेपा आहेत, आणि सासऱ्यांना शेजारी बसवलेलं असताना दिवा लागला तर मला घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.