खालांना आठी दिसली नाही

आज डोकं सटकलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे, वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

दुपारी आमच्या भागातल्या बायकांचा इज्तिमा, म्हणजे धार्मिक मेळावा, होता. विषय काय, तर दिलाचं आंधळेपण. बयान, म्हणजे प्रवचन, करणाऱ्या बाजी बोलतात छान, यात वाद नाही. कुरआनातल्या सूरह हजची ४६ वी आयत घेतली होती (सूरह म्हणजे अध्याय, आयत म्हणजे त्यातलं वचन): डोळे आंधळे होत नाहीत, आंधळी होतात ती छातीतली हृदयं. बायका माना डोलावत होत्या. दाराशी, चपलांच्या ढिगाला लागून एक खाला बसल्या होत्या. त्यांना लहानपणापासून दिसत नाही. त्या मध्येच म्हणाल्या, "बाजी, ती आयत परत एकदा म्हणा ना, मला पाठ करायचीय." नेमक्या त्याच वेळी माजी नगरसेवकांच्या घरच्या बाई आल्या. झालं. पुढची सतरंजी झटकली गेली, आतून लोड आला, बाजी स्वतः उठून दोन पावलं सामोऱ्या गेल्या. खालांना काय कळणार कोण आलंय ते? त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा बाजींच्या कपाळावर आठी पडली. मी समोरच बसले होते, चांगली ठसठशीत आठी. कुणीतरी खालांचा गुडघा दाबून "नंतर, नंतर" म्हणालं. खाला गप्प. बयान पुढे सुरू. कशावर? आंधळ्या दिलांवर!

अहो, या प्रसंगावर अख्खी सूरह आहे. सूरह अबसा, ८० वी, तिसाव्या पाऱ्यातली, म्हणजे कुरआनाच्या शेवटच्या भागातली. मकतबात, म्हणजे कुरआन शिकायच्या शाळेत, जाणारं कुठलंही पोर घडाघडा म्हणून दाखवेल. मक्केतले दिवस. पैगंबर (स.) कुरैशच्या बड्या सरदाराशी बोलतायत. तेवढ्यात अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम येतात. डोळ्यांनी दिसत नाही. आल्या आल्या म्हणतात, या रसूलल्लाह, मला वाट दाखवा. मध्येच बोलतात, पुन्हा पुन्हा बोलतात. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडते, ते तोंड फिरवतात. आणि वरून आयत येते: त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंड फिरवलं, कारण त्याच्याकडे तो आंधळा आला. तुला काय माहीत, तोच कदाचित सुधारेल. जो बेपर्वा आहे त्याच्यामागे तू लागतोस, आणि जो तुझ्याकडे धावत आला, मनात भीती धरून आला, त्याच्याकडे मात्र तुझं लक्ष नाही.

जरा विचार करा. इब्न उम्मे मक्तूमना आठी दिसलीच नव्हती. त्यांचा अपमान झाला हे त्यांच्या गावीही नसेल. सरदार तर खूशच झाला असणार. तक्रार करणारं तिथं कुणी नव्हतं. तरी आयत आली, तीही अल्लाहच्या सगळ्यात लाडक्या माणसाला टोकणारी. आणि पैगंबरांनी ती लपवली नाही, लोकांना वाचून दाखवली. आज आपण ती नमाजमध्ये म्हणतो.

हो, माहितीये मला. त्यात लोभ नव्हता. सरदारानं मानलं असतं तर कितीतरी गरिबांचा छळ थांबला असता, म्हणून ती धडपड होती. आणि शिया मुफस्सिर, म्हणजे कुरआनाचे भाष्यकार, आठी घालणारा दुसराच कुणी होता असं मानतात, तेही माहितीये. माना तसं. आमच्या बाजींच्या कपाळावरची आठी त्यानं पुसली जात नाही.

मला आमचे हाफिजजी आठवतात. लहानपणी देवीत त्यांचे डोळे गेले होते. अख्खं कुरआन तोंडपाठ. आम्ही पोरंपोरी मशिदीच्या ओट्यावर ओळीनं बसायचो आणि ते मधोमध, हातात एक छडी, जी त्यांनी कुणाला मारल्याचं मला आठवत नाही. नुसती जमिनीवर आपटायचे. कुणी हळूच रेहल, कुरआन ठेवायची घडीची चौकट, मिटली तरी "कोण उठलं रे?" म्हणून नावानिशी हाक. जबरच्या जागी जेर, म्हणजे 'अ'च्या जागी 'इ', म्हटला की मान वर व्हायची, बस्स. तेवढ्यानं पोटात गोळा यायचा. मी लम यकुन या सूरहमध्ये अडकले होते. ज्यांनी अम्मा पारा, म्हणजे तोच तिसावा पारा, केलाय त्यांना माहीत आहे, सगळी पोरं तिथंच अडकतात. शब्द एकमेकांत गुंतलेले, एका आयतीतून जीभ भलत्याच आयतीत जाते. त्या दिवशी साखर कारखान्याचे एक संचालक आले. निवडणूक जवळ आली होती, दुआ हवी होती. कबरस्तानाला भिंत बांधून देतो म्हणाले होते. सगळी मोठी माणसं उठून उभी राहिली, कुणी चहा सांगायला पळालं. आणि हाफिजजी म्हणाले, "बसा साहेब, पोरीचा सबक चाललाय." मला म्हणाले, "पुन्हा म्हण."

आता तुम्ही म्हणाल ही हाफिजजींची गोष्ट कशाला. थांबा, येते त्याच्याकडे.

मला खरा राग बाजींचाही नाही. बाजी पण माणूसच, आठी कुणालाही पडते. राग आहे तो आपण या आयतींचं जे करून ठेवलंय त्याचा. सूरह बकरात आहे ना, सुम्मुन बुकमुन उम्युन, बहिरे, मुके, आंधळे. बघा आपण ती कुठं कुठं वापरतो. बुरखा न घालणारी दिसली, उम्युन. दर्ग्याला जाणारी, उम्युन. दर्ग्याला न जाणारी, तीही उम्युन. शेजारच्या वहिनी गणपती बसवतात, त्या तर विचारूच नका. सासरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला रोज एक तरी क्लिप येते, त्यात कुणीतरी कुणाच्या तरी दिलावर मोहर लागल्याचं, म्हणजे त्यात आता सत्य शिरणार नाही असं, जाहीर करत असतं. जणू शिक्का यांच्याच टेबलावर ठेवलाय! अल्लाह म्हणतो मी मोहर लावतो. तुम्हाला कुणी सांगितलं यादी करायला?

आणि सूरह ताहातल्या त्या माणसाचं काय? माझ्या आठवणीकडे पाठ फिरवणाऱ्याला कयामतच्या दिवशी आंधळा उठवीन, असं आहे तिथं. तो विचारतो, रब्बा, मला तर दिसत होतं, मग आंधळा का उठवलंस? उत्तर येतं, माझ्या आयती तुझ्यापर्यंत आल्या होत्या, तू विसरलास. मला सांगा, आयती पोचल्यात कुणापर्यंत? शेजारच्या वहिनींपर्यंत की आपल्यापर्यंत? अर्थ समजून ऐकतंय कोण, बयानाला जातंय कोण, पाठ कुणाला आहे? भीती कुणाला वाटायला हवी?

सीरतमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रात, एक किस्सा आहे, तो मला फार आवडतो. मक्केत रात्री पैगंबर (स.) घरात कुरआन म्हणायचे. अबू जहल, अबू सुफियान आणि अखनस, हे तिघं मक्केतले विरोधक, वेगवेगळे अंधारात लपून ऐकायला आले. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पहाटे परतताना वाटेत गाठ पडली. एकमेकांना बोल लावले, लोकांनी पाहिलं तर काय होईल, पुन्हा यायचं नाही ठरलं. दुसऱ्या रात्री तिघं पुन्हा हजर. तिसऱ्या रात्रीही. म्हणजे कान शाबूत होते, मन ओढ घेत होतं, नाहीतर झोप मोडून कोण येतं? नंतर अखनसनं अबू जहलला विचारलं, तुला काय वाटतं यावर? तो जे म्हणाला त्याचा मतलब असा: आम्ही आणि अब्द मनाफचं (पैगंबरांचं) घराणं, आम्ही बरोबरीनं चढाओढ करत आलो. त्यांनी जेवणं घातली, आम्ही घातली. त्यांनी दिलं, आम्ही दिलं. आता ते म्हणतात आमच्यात नबी आलाय. याची बरोबरी आम्ही कशी करायची? आम्ही कधीच मानणार नाही.

बघा, आयतीत खोट काढली नाही त्यानं. भाऊबंदकी निघाली. पुढे बद्रच्या लढाईत तसाच मेला. आणि उमर, पुढचे दुसरे खलिफा? पैगंबरांना मारायला तलवार घेऊन निघालेले, बहिणीच्या तोंडावर मारून तिचं रक्त काढलं, आणि तिच्याच घरात सूरह ताहा ऐकून विरघळले. त्या सकाळी दोघांना शेजारी उभं केलं असतं तर आपण कुणाच्या दिलावर मोहर आहे म्हणून सांगितलं असतं? उमरच्याच.

म्हणून म्हणते, गप्प बसावं. फरजच्या, म्हणजे सक्तीच्या नमाजांच्या, १७ रकाती (फेऱ्या) दिवसाला, आणि प्रत्येक रकातीत आपण म्हणतो इहदिनस सिरातल मुस्तकीम, आम्हाला सरळ वाट दाखव. मिळाली आहे म्हणून स्वस्थ बसायची सोयच ठेवलेली नाही. सूरह आले इमरानमध्ये तर दुआ अशी आहे की, रब्बा, हिदायत (सरळ वाट) दिल्यावर आमची दिलं वाकडी होऊ देऊ नकोस. दिल्यावर! ज्यांना मिळालीय त्यांची दुआ आहे ही. आणि दुसरीकडे अबू तालिब. सख्खे चाचा, पैगंबरांना वाढवलं, ढालीसारखे उभे राहिले. सुन्नी रिवायतींप्रमाणे, म्हणजे परंपरेतल्या कथनांप्रमाणे, शेवटच्या घटकेपर्यंत पैगंबर विनवत राहिले, कलमा तेवढा म्हणा, आणि तो म्हटला गेला नाही. त्यावर आयत आली, तुझ्या आवडत्याला तू हिदायत देऊ शकत नाहीस, अल्लाह हवी त्याला देतो. खुद्द पैगंबरांच्या हातात जे ठेवलं नाही ते क्लिपवाल्यांच्या हातात कधी आलं?

"मग अल्लाहच मोहर लावतो तर माणसाचा काय दोष?" हा प्रश्न माझ्या मुलीनं मला विचारलाय, आणि चांगला अडचणीचा आहे, मान्य. मुफस्सिर म्हणतात आधी माणूस तोंड फिरवतो, मोहर नंतर लागते. सूरह मुतफ्फिफीनमध्येही तसंच आहे, त्यांच्या कमाईचाच गंज त्यांच्या दिलांवर चढला. मला तेवढं पुरतं. तिला पुरत नाही. वाद घालते माझ्याशी, घालू दे.

हाफिजजींचं राहिलं. तर संचालक बसले थोडा वेळ. मी दोनदा चुकले, दोन्ही वेळा "पुन्हा म्हण." मग ते उठून गेले. भिंत झाली नाही. आमच्या अब्बांसकट सगळा गाव हाफिजजींवर तुटून पडला, आणि खरं सांगायचं तर गावाचंही चुकलं नव्हतं. पुढे कितीतरी पावसाळे ओढ्याच्या बाजूनं कबरस्तानाची माती सुटत राहिली. नुकसान झालंच. एका पोरीचा सबक विरुद्ध कबरस्तानाची भिंत, हा हिशोब मी अजूनही कुणाला पटवून देऊ शकत नाही. अब्बा तणतणत गेले होते त्यांच्याकडे, मी मागून. हाफिजजी म्हणाले, "साहेब उद्या पण येतील, मतं मागायची आहेत त्यांना. ही आज सोडली तर उद्या विसरून येईल." साहेब काही आले नाहीत. तिथं त्यांचा अंदाज चुकला.

पण मला एक सांगा, त्यांना जर दिसत असतं, साहेबांचे कडक इस्त्रीचे कपडे, बाहेर उभी जीप, उठून उभी राहिलेली मंडळी, तर ते "पुन्हा म्हण" म्हणाले असते का? मला वाटतं तरीही म्हणाले असते. अब्बांना वाटायचं, दिसत नव्हतं म्हणूनच म्हणाले. आमचं यावर कधी जमलं नाही.

इब्न उम्मे मक्तूमचं पुढे काय झालं ते बाजी क्वचित सांगतात, म्हणून मी सांगते. हिजरतच्या, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्याच्या, आधीच मुसअब इब्न उमैर यांच्याबरोबर ते मदिनेत लोकांना कुरआन शिकवायला गेले. पहिल्या उस्तादांपैकी एक, आणि आंधळे. पुढे बिलालबरोबर मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे. रमजानमध्ये पैगंबर म्हणायचे, बिलाल रात्रीच अजान देतो, तेव्हा इब्न उम्मे मक्तूमची अजान होईपर्यंत खा-प्या. पहाट झाली हे त्यांना लोकांनी सांगावं लागायचं, आणि सगळ्या मदिनेची सहरी, रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, थांबायची त्यांच्या आवाजावर. पैगंबर बाहेरगावी असताना अनेकदा मदिनेत नमाजची इमामत त्यांच्याकडे असायची. एवढं सगळं त्या "मला वाट दाखवा" म्हणत मध्येच बोलणाऱ्या माणसाला मिळालं.

इज्तिमा संपल्यावर मी खालांजवळ बसून आयत म्हणून दाखवली. त्यांना ती आधीच अर्धी येत होती. नगरसेवकांच्या घरच्या त्या बाईही बिचाऱ्या वाईट नाहीत, जाताना स्वतः खालांच्या चपला शोधून देत होत्या, हेही लिहिलंच पाहिजे.

बाजी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नाहीत. कुणी स्क्रीनशॉट पाठवणार असेल तर पाठवा, मी उद्या स्वतःच फोन करणार आहे. आणि ज्यांना खाली कमेंटमध्ये "बाईमाणसानं तफसीर (कुरआनाचा अर्थ) सांगू नये" असं लिहायचंय, त्यांनी जरा तिरमिजी हा हदीसचा संग्रह उघडून बघावा. अबसा इब्न उम्मे मक्तूमसाठी उतरली, ही रिवायत कुणाकडून आलीय? पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांकडून.