‘रा’ म्हणजे सूर्य, ‘आरेव’ म्हणजेही सूर्य. म्हणून माओरी आर्मेनियनची बहीण?

न्यूझीलंडची माओरी आणि कॉकेशसमधली आर्मेनियन एकाच मुळातून फुटल्या, माओरींचे पूर्वज अरारात पर्वताच्या पायथ्याहून निघून समुद्रापलीकडे गेले, असं सांगणारा एक मजकूर भरपूर फिरतो आहे. पुरावा म्हणून त्यात शब्दांच्या जोड्या आहेत. सूर्य: ‘रा’ आणि ‘आरेव’. दोन: ‘रुआ’ आणि ‘येर्कू’. गाय: ‘काउ’ आणि ‘कोव’. शिवाय दोन्ही भाषांत व्याकरणिक लिंग नाही. शेवटी आपल्यासाठी खास ओळ: संस्कृतातला ‘रवि’ही याच कुळातला, म्हणजे माओरी आपलेच.

शब्द खरे आहेत, अर्थही बरोबर आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

आधी सूर्य. आर्मेनियन ‘आरेव’ आणि संस्कृत ‘रवि’ यांचं नातं खरं आहे. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली भाषा, मराठीची लांबची नातलग. पण माओरी ‘रा’ या कुटुंबात बसत नाही, कारण त्यातला ‘र’ जुना नाही. हवाई आणि सामोआत सूर्याला ‘ला’ म्हणतात, टोंगात ‘ला’आ’, मध्ये घसा क्षणभर अडवून. इतर पॉलिनेशियन (प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या) भाषांतला ‘ल’ माओरीत नियमाने ‘र’ होतो. सामोअन ‘लिमा’ (पाच) माओरीत ‘रिमा’, ‘वालु’ (आठ) तिथे ‘वारु’. म्हणजे ‘रा’चा माग काढत मागे गेलं की ‘र’ नाहीसा होतो आणि ‘रवि’शी असलेलं साम्यही.

माओरी ‘आरा’चंही तेच. याचा अर्थ वाट. काही जण तो थेट अराराताशी जोडतात. पण सामोअन आणि हवाईयनमध्ये तो ‘आला’ आहे, टोंगनमध्ये ‘हाला’, फिजीत ‘साला’ आणि मलायमध्ये ‘जालान’. बेटामागून बेट जोडत हा शब्द आग्नेय आशियाकडे जातो, कॉकेशसकडे नाही.

दोनची जोडी अधिक फसवी आहे. ‘रुआ’ सामोअनमध्ये ‘लुआ’, मलायमध्ये ‘दुआ’ आणि तैवानच्या पैवान भाषेत ‘डुसा’. मलाय ‘दुआ’ ऐकून संस्कृत ‘द्व’ आठवणं साहजिक आहे. इंडो-युरोपीय तौलनिक व्याकरणाचा पाया घालणाऱ्या फ्रान्झ बॉप यांनीसुद्धा १८४१ मध्ये मलाय-पॉलिनेशियन भाषांचं मूळ संस्कृतात शोधलं होतं. ते टिकलं नाही. एका आकड्यावर थांबायचं नसतं, पुढे मोजत जायचं असतं. माओरीत तीन, चार, पाच, सहा, सात, आठ म्हणजे तोरू, फा, रिमा, ओनो, फितु, वारु. सामोअनमध्ये तोलु, फा, लिमा, ओनो, फितु, वालु. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये पाचपासून लिमा, आनिम, पितो, वालो. आता आर्मेनियन: येरेक, चोर्स, हिंग, वेत्स, योत, ऊत. ओळी मोठ्याने वाचल्या तरी कोण कोणाच्या घरातलं ते कळतं.

त्या ‘हिंग’वर थोडं थांबावंसं वाटतं. ऐकून मराठी माणसाला फोडणी आठवेल, पण मसाल्याच्या हिंगाशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते ‘पंच’शी, आपल्या ‘पाच’शी. कारण मूळ ‘प’ आर्मेनियनमध्ये शब्दारंभी ‘ह’ होतो: पंच–हिंग, पितृ–हायर (वडील), पद–हेत (पाऊलखूण). ‘येर्कू’ही असाच. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी दाखवलं की जुन्या ‘द्व’च्या जागी आर्मेनियनमध्ये ‘येर्क’ येतो, आणि तो फक्त ‘दोन’ या शब्दात येत नाही. ‘येर्कार’ (लांब) यातही येतो. ‘द्व’ आणि ‘येर्कू’ कानाला अजिबात जुळत नाहीत, तरी ते सख्खे आहेत. नातं ठरतं ते असं, अनेक शब्दांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या नियमित बदलावरून. इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट आणि फारसीत ‘बद’ म्हणजेही वाईट, जो आपल्या ‘बदनाम’मध्ये आहे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

गायीची जोडी सगळ्यांत भक्कम दिसते, आणि तिच्यात खरोखर एकच मूळ आहे. आर्मेनियन ‘कोव’ आणि संस्कृत ‘गो’ एकाच धातूचे, इंग्रजी ‘काऊ’ही त्यातलाच. पण माओरी ‘काउ’ इंग्रजीतून उचललेला आहे. युरोपीय येण्याआधी न्यूझीलंडमध्ये गाय नव्हतीच. माओरींनी होड्यांतून सोबत आणलेले प्राणी म्हणजे कुत्रा आणि उंदीर. मिशनरी सॅम्युएल मार्सडेन यांनी १८१४ मध्ये तिथे गुरं उतरवली, आणि प्राण्याबरोबर शब्द आला. उसना शब्द आणि वारशाचा शब्द यांत गल्लत करणं ही या विषयातली जुनीच चूक. इराणी शब्दांच्या भरण्यामुळे आर्मेनियनलासुद्धा बराच काळ इराणी शाखेत टाकलं जात होतं. हाइनरिश ह्युबश्मान यांनी १८७५ मध्ये उसने शब्द बाजूला काढून ती स्वतंत्र शाखा असल्याचं सिद्ध केलं.

लिंगाचा मुद्दा लवकर संपतो. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही, मराठीत तीन आहेत. म्हणून बंगाली आपली कोणी नाही आणि तुर्की तिची बहीण, असं कोणी म्हणणार नाही. उलट रचनेतल्या साम्यावरूनच नाती लावायची तर माओरी मराठीच्या जवळ येईल. आपल्याकडे ‘आपण जाऊ’ म्हटलं की समोरचा त्यात आला आणि ‘आम्ही जातो’ म्हटलं की तो वगळला. माओरीत हाच फरक ‘तातोउ’ आणि ‘मातोउ’ असा आहे, शिवाय दोघांपुरता ‘ताउआ’ आणि ‘माउआ’. आर्मेनियनमध्ये सगळ्यांना एकच ‘मेंक’. तरीही आपली नातलग आर्मेनियनच, माओरी नाही. आपल्यातला हा भेद बहुधा द्राविडी शेजारातून आला, माओरींना तो त्यांच्या पूर्वजांकडून मिळाला.

‘माओरी आपलेच’ ही ओळ मला सगळ्यांत जास्त खटकते. ती नवीनही नाही. न्यूझीलंडमधले एडवर्ड ट्रेगियर यांनी १८८५ मध्ये माओरी आर्य असल्याचं अख्खं पुस्तक लिहून मांडलं होतं. त्यांचाच १८९१चा माओरी-पॉलिनेशियन तौलनिक शब्दकोश मात्र आजही कामाचा आहे, कारण त्यात माओरी शब्द त्याच्या खऱ्या भावंडांशेजारी ठेवलेला आहे. तैवानपासून निघून, पिढ्यान्‌पिढ्या होड्या वल्हवत, तारे आणि लाटा वाचत प्रशांत महासागर पार करणाऱ्या माणसांचा हा पराक्रम आहे. तो अराराताच्या किंवा आर्यांच्या खात्यावर टाकताना आपण त्यांना आपलंसं करत नाही, त्यांचा इतिहास त्यांच्याकडून काढून घेतो.

ऑक्टोबर १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं जहाज न्यूझीलंडला लागलं, तेव्हा जहाजावर पॉलिनेशियातल्या राइआतेआ बेटाचा तुपाइआ होता. ते बेट तिथून सुमारे ४,००० किलोमीटरवर, आणि दोन्हीकडच्या लोकांची ताटातूट होऊन शतकं उलटलेली. किनाऱ्यावरच्या माओरींशी तो आपल्याच भाषेत बोलला. त्यांना ती समजली.