गुलाबी गोळीचा कागद

गेल्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी उभी होते. इथे दुपारचे साडेतीन, म्हणजे कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी रात्रीचे आठ. वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. "वन्सं, पोराला संडास काळी झालीया. आत्ती म्हणत्यात पोटात रक्त पडतंय. काल शाळंत कसली तरी गुलाबी गोळी दिलीया. दप्तरात कागद हाय, पन कानडीत हाय."

वहिनी महाराष्ट्रातल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडची. आमच्याकडे निम्म्या सोयरिकी चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडच्या. तिकडून आलेली सून बारावी शिकलेली असली, तरी कन्नड अक्षर तिला कुणी कधी दाखवलेलंच नसतं. तिने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मला शाळेत कन्नड विषय होता, त्यामुळे अडखळत का होईना वाचता आलं. त्यात सगळं लिहिलेलं होतं. ही लोहाची गोळी आहे, आठवड्यातून एकदा जेवणानंतर द्यायची, शौचाचा रंग काळा होऊ शकतो, घाबरू नये. 5 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी 45 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अॅसिड असलेली ही गोळी सरकार फुकट देतं, मुलांच्या अंगात रक्त कमी पडू नये म्हणून. पण मी वाचून दाखवेपर्यंत आईने ठरवून टाकलं होतं की नातू ती गोळी पुन्हा घेणार नाही. शेजारच्या दोन घरांतही तेच ठरलं होतं.

त्या वेळी माझ्या हातातही एक कागद होता. इथे दरवर्षी शरद ऋतूत शाळेत मुलांना फ्लूची लस देतात, नाकात फवारा मारून. त्याआधी पालकांची संमती मागतात आणि सोबत माहितीपत्रक असतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की या फवाऱ्यात डुकरापासून काढलेलं जिलेटिन आहे, ज्यांना ते चालत नाही त्यांनी सुईची लस मागावी. माझ्या मुलीच्या वर्गात मुसलमान मुलं आहेत, शाकाहारी गुजराती मुलं आहेत. ही गोष्ट लपवली असती आणि नंतर कुठून तरी फुटली असती, तर त्या आयांनी पुढची एकही लस टोचू दिली नसती. त्यांना आधी सांगितलं, पर्याय दिला, म्हणून त्या ऐकतात. लसींची अशी पत्रकं गुजराती, पंजाबी, बंगालीतही मिळतात. इथे पोटापाण्यासाठी आलेल्यांच्या भाषेत जे होतं, ते पिढ्यानपिढ्या त्याच मातीत राहणाऱ्या माझ्या माणसांच्या भाषेत का होत नाही, हा प्रश्न त्या रात्री मला झोपू देईना.

इथलं सगळं उत्तम आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडात शाळेच्या पहिल्या वर्षी आणि सहावीत मुलांची उंची-वजन मोजतात आणि त्याचं पत्र घरी येतं. मुलगी लहान वर्गात असताना मला आलेल्या पत्रात तिचं वजन उंचीच्या मानाने कमी असल्याचं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले. पोरीला उपाशी ठेवते, असा कुणी शिक्का मारल्यासारखं वाटलं. अशा पत्रांनी कितीतरी पालक दुखावतात आणि त्यावर इथे वादही होतात. पण पत्राच्या खाली फोन नंबर होता. शाळेच्या नर्सबाईंनी अर्धा तास माझं ऐकून घेतलं, आमटी-भात, भाकरी, तूप सगळं विचारलं. नुसती माहिती पाठवून काम संपत नाही, उलट विचारायला कुणीतरी असावं लागतं, हे मला त्या फोनने शिकवलं.

आमच्या सीमाभागात भाषेचा प्रश्न काय आहे, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आम्ही त्या वेळच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलो. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माणसं गोळीबारात गेली, बेळगावजवळच्या हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्यांचं आहे. 2004 पासून या भागावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मी 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, मराठी माणसं निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेऱ्या बघत वाढले, त्या लढ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मराठीतून परिपत्रकं द्या, ही मागणी तर मी लहानपणापासून ऐकते आहे. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. पण या मागणीची चर्चा होते तेव्हा पाट्या येतात, सातबारा येतो, बसवरचे फलक येतात. मुलाच्या दप्तरातल्या कागदाचं नाव मी फारसं ऐकलेलं नाही. माझ्या मते तो यादीत सगळ्यात वर हवा.

घटनेचं 350 अ कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. त्यासाठीच कर्नाटक सरकार मराठी शाळा चालवतं. म्हणजे या मुलाच्या घरी मराठी बोलतात, हे सरकारला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. मग त्याच मुलाच्या घरी जाणारा औषधाचा कागद दुसऱ्या भाषेत कसा जातो?

कुणी म्हणेल, कर्नाटकात राहता तर कन्नड शिका. शिकलंच पाहिजे. त्या रात्री माझं कन्नडच कामी आलं. पण पोराच्या पोटाची काळजी लागलेली असताना कुठलीच आई लिपी शिकायला बसत नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत महाराष्ट्राच्या कन्नड शाळा आहेत, तिथल्या आयांनाही कन्नडमधून कागद मिळायला हवा. हा हक्क आम्ही इकडे मागायचा आणि तिकडे विसरायचा, असं मला चालणार नाही.

या सगळ्याला कंटाळून पोराला इंग्रजी माध्यमात घालतात, त्यांचंही मला सांगायचंय. तिथे डायरी इंग्रजीत, मोबाइलवरचे निरोप इंग्रजीत. आईला कळत नाही ते नाहीच.

कळलं नाही तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. चौथीत असताना शाळेत डोळे तपासले आणि माझ्याकडे एक चिठ्ठी दिली. आईला ती वाचता आली नाही. सरकारी कागद म्हणून तिने जपून पंचांगात ठेवला. मी सातवीत जाईपर्यंत फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवत होते आणि गणितात ढ ठरले होते. चष्मा लागला तेव्हा कवठाच्या झाडाला सुटी सुटी पानं असतात हे मला पहिल्यांदा दिसलं. आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत येतं, डोळे, दात, हृदय सगळं बघतं. 2013 पासूनची ही योजना मोलाची आहे. पण पुढच्या तपासणीला न्या, हे सांगणारी चिठ्ठी घरच्यांना कळली नाही, तर पथकाची सगळी मेहनत दप्तरातच राहते.

जागा कागदाने भरली नाही की अफवेने भरते. 2017 च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला लसीची मोहीम पहिल्यांदा ज्या राज्यांत सुरू झाली, त्यांत कर्नाटक होतं. 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांना लस द्यायची होती. तेव्हा व्हॉट्सअॅपवर नाही नाही ते फिरलं, आणि खोटं बोलणारा मात्र समोरच्याच्या भाषेतच बोलत होता.

दोष मी शाळेतल्या बाईंना देणार नाही. हजेरी, माध्यान्ह आहार, दूध, अंडी, गोळ्या, सगळ्याच्या नोंदी त्याच करतात. वरून आलेला कागद त्या वाटतात. तो मराठीत छापून देणं खात्याचं काम आहे, एकदा भाषांतर केलं की दरवर्षी चालेल. पालकांचा व्हॉट्सअॅप गट आहे, पण आमच्या गावात कितीतरी घरांत मोबाइल बापाचा आणि बाप कामाला गोव्यात. निरोप पणजीला पोचतो, आईला रात्री कळतो.

वहिनीने मात्र धीर केला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. पुढच्या बैठकीला ती गेली आणि गोळीचं सगळं तिने तिथे मांडलं. तेव्हापासून बाई आदल्या संध्याकाळी मराठीत बोलून निरोप पाठवतात आणि मोबाइल नसलेल्या घरांसाठी पोरांकडून वहीत दोन ओळी लिहून घेतात. 10 फेब्रुवारीच्या जंताच्या गोळीआधी आलेला निरोप वहिनीने मला पाठवला: "उद्या जंताची गोळी हाय. चावून खायाची. कुनाला ताप असंल तर आधी मला सांगा, बरं झाल्यावर देऊ." आईने तो दोनदा ऐकला आणि सकाळी भाच्याला स्वतः शाळेपर्यंत सोडून आली. छापील कागद अजून कन्नडमध्येच येतोय.