पेटी परकी, तर व्हायोलिन कुणाचं?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय: पेटी परकी, तिच्यात श्रुती, म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर, बसत नाहीत, शास्त्रीय मैफलीत साथीला सारंगीच हवी. त्यात एकाने मी अबू धाबीत राहतो म्हणून मला सुनावलं, "तुमच्या अरबांना पैसे ओतून संगीत पुन्हा उभं करावं लागतं. आपलं जिवंत आहे, म्हणून आपल्याला शुद्धतेची काळजी." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

हा वाद अरबांनी 1932 सालीच घालून झालाय. इजिप्तचे राजे फुआद यांनी कैरोत अरबी संगीताची परिषद भरवली, बार्टोक, हिंडेमिथसारखे युरोपीय संगीतकारही आले. भांडण पियानोवरून झालं. अरबी मकामांतले (मकाम म्हणजे आपल्या रागांसारखं) पाव सूर त्यात बसेनात, म्हणून ते वाजवणारे खास पियानो बनवले गेले. सांगलीच्या कृ. ब. देवलांचा श्रुतींच्या पेटीचा खटाटोप याच्याही आधीचा. कैरोत पियानो हवा म्हणणाऱ्यांत इजिप्तचेच लोक होते आणि विरोधात युरोपीय विद्वान! पण भांडता भांडता त्यांनी बगदाद, ट्युनिस, मोरोक्कोच्या कलावंतांची ध्वनिमुद्रणंही करून घेतली. 2015 मध्ये ती 18 सीडींत निघाली, पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि अबू धाबीचं संस्कृती खातं यांच्या सहकार्याने. हाच तो "ओतलेला पैसा". लेबनॉनमध्ये 2009 पासून 'अमार' ही संस्था जुन्या तबकड्या गोळा करून जतन करते आहे. आपल्याकडे आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत चालली. त्या बंदीने किती सारंगिये तयार झाले?

उद हे छेडून वाजवायचं अरबी तंतुवाद्य. इराकी उदवादक नसीर शम्मा यांच्या पुढाकाराने 2008 मध्ये इथे अबू धाबीत 'बैत अल ऊद' ही त्याची शाळा सुरू झाली. उद वाजवायला शिकवतात, घडवायलाही. कानून हे वाद्य तर जवळून बघावं. मांडीवर सपाट ठेवलेलं, संतूरच्या भाऊबंदातलं. दोन्ही तर्जनींत अंगठ्या, त्यांत नख्या खोचलेल्या. तारांच्या टोकाशी पितळी खटक्यांची रांग. वादक वाजवता वाजवता डाव्या हाताने एखादा खटका उचलतो आणि सूर पावभर चढतो. आणि शेजारी व्हायोलिन! अस्सल युरोपचं. अरबांनी ते आपल्या पद्धतीने जुळवून घेतलं आणि जुन्या तख्तात, म्हणजे त्यांच्या छोट्या वाद्यवृंदात, बसवलं. त्याला परकं म्हणणारा मला इथे भेटलेला नाही.

सवाई गंधर्वला गर्दी होते, मान्य. पण सारंगीसाठी हट्ट धरणाऱ्या आमच्या ग्रुपातल्या एका तरी घरात सारंगी शिकणारं पोर आहे का? पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात, ऑर्गनशिवाय ज्याची नांदी होत नव्हती त्या संगीत नाटकाच्या मुलखात, पेटी परकी कशी?

एवढा संताप का होतो, ते मला ठाऊक आहे. परकं कोण, हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला जातो. इथे व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. पुण्यात गेलो की "तुम्ही आता तिकडचे". इतक्या वर्षांत इजिप्तची गायिका उम्म कुलसुम कानात मुरली आणि अभंग तसेच राहिले. यातलं काय कमी करू?

मुलगी कानून शिकते. घरी आजीने पाठवलेल्या पेटीवर भूप वाजवते. यातलं परकं कुठलं, हे तिला सांगायला मी तयार नाही.